आजींच्या कागदावरचं गाव

इथे मॉरिशसमध्ये शेजारच्या आजींनी परवा बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. "बाय, तू तिकडची. एवढं गावाचं नाव वाचून दे." आजी घरात क्रेओल, म्हणजे इथली फ्रेंचवरून घडलेली बोली, बोलतात, टीव्हीवर हिंदी मालिका बघतात, पण मला हाक मारताना त्यांच्या तोंडी कोकणातलं 'बाय' येतं. हा एक शब्द त्यांच्या घरात चार पिढ्या टिकला. गावाचं नाव टिकलं नाही.

कागद म्हणजे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरातून मिळालेला उतारा, आजींच्या पणजोबांच्या नोंदीचा. आधी क्रमांक, मग नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जहाज. बंदर मुंबई. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी कसंबसं लागतं. त्याच्या पुढे गाव, आणि तिथे कारकुनाच्या टाकाने असा काही पीळ घातलाय की आधी मला ते जयगड वाटलं, मग जैतापूर. आमच्या वाक्वा शहरात त्या दुपारी नेहमीसारखा बारीक पाऊस चालला होता. आम्ही दोघी भिंग घेऊन खिडकीपाशी तासभर बसलो. लागलं नाही.

मॉरिशसला येऊन मला चार वर्षं झाली. इथल्या समुद्राबद्दल लिहून झालंय, भाजीबाजाराबद्दल लिहून झालंय. देशाचा इतिहास लिहायचा राहिला होता. आजींचा कागद बघितल्यापासून तो मला याच कागदावरून सांगावासा वाटतोय, कारण इथला सगळा इतिहास कोणाचं नाव कोणी कसं लिहिलं याचा आहे.

या बेटाला मूळ रहिवासी नाहीत. ज्वालामुखीतून वर आलेली ही जमीन सुमारे 80 लाख वर्षांची, पण तिच्यावर माणसाची वस्ती होऊन चारशे वर्षंही झाली नाहीत. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं. 1502 च्या एका नकाशात त्याचं अरबी नाव आहे, 'दिना आरोबी'. पोर्तुगीज येऊन गेले. पण कोणी राहिलं नाही. काळ्याभोर लाकडाची एबनीची झाडं, प्रचंड कासवं आणि उडता न येणारा डोडो, एवढंच इथलं जग होतं. आपल्याकडे कुठल्याही गावाचा इतिहास विचारला की आधी कोणीतरी असतंच. इथे आधी कोणीच नव्हतं. जो आहे तो बोटीने आलेला, मग तो मालक असो की मजूर.

1598 मध्ये डच आले. आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव त्यांनी बेटाला दिलं. 1638 मध्ये वस्ती केली, जावाहून ऊस आणि हरणं आणली, एबनी तोडून नेलं. डोडो शतक संपायच्या आत संपला. डचांनी मादागास्करहून गुलाम आणले, पूर्वेकडूनही आणले. 1695 मध्ये त्यांच्या किल्ल्याला काही गुलामांनी आग लावली, आणि त्या आग लावणाऱ्यांत एक बाई होती, नोंद आहे 'बंगालची अन्ना'. मी हे वाचलं तेव्हा थबकले. भारतीय माणूस इथे आला तो करारावर मजूर म्हणून, असंच मी धरून चालले होते. त्याच्या कितीतरी आधी आपली माणसं इथे साखळदंडात आली होती. अन्नाचं खरं नाव काय होतं हे कोणी लिहून ठेवलं नाही.

1710 मध्ये डच कायमचे निघून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि बेटाचं नाव 'इल द फ्रान्स' केलं. आजचं पोर्ट लुई, इथली राजधानी, घडवलं ते 1735 मध्ये आलेल्या गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने. त्याचा पुतळा अजून बंदराकडे तोंड करून उभा आहे. याच बंदरातून निघालेल्या आरमाराने 1746 मध्ये मद्रास जिंकलं होतं, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली इंग्रज-फ्रेंच झुंज या धक्क्यावरून सुटली होती. गोदी, बराकी, इस्पितळ, पाण्याचे पाट हे सगळं उभं केलं गुलामांनी, आणि पाँडिचेरीकडून आणलेल्या गवंडी-सुतारांनी. पुतळा एकाचाच आहे.

गुलामीबद्दल इथे फार बोललं जात नाही, निदान आपल्या लोकांत नाही. मला ते समजलं एका मित्रामुळे. ते शाळेत इतिहास शिकवतात, मी त्यांना सर म्हणते. ते क्रेओल आहेत; त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेले. गेल्या वर्षी 1 फेब्रुवारीला ते मला ल मोर्नला घेऊन गेले. समुद्रात घुसलेला 556 मीटरचा कातळ, वर जायला एक अरुंद वाट. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपून राहत. गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, पण ते पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा सगळ्यांच्या तोंडी आहे. 2008 पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे.

तिथे पायथ्याशी बसून मी सरांना आजींसारखंच विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्यांनी सांगितलं की गुलामांच्या वह्यांत उगमाच्या रकान्यात एकच शब्द असतो, 'मोझांबिक' किंवा 'मालगाश', म्हणजे मादागास्करचा. ज्या किनाऱ्यावरून जहाज भरलं त्या किनाऱ्याचं नाव. गाव नाही, बापाचं नाव नाही, नाव असतं ते मालकाने ठेवलेलं. "तुमच्या लोकांना क्रमांक तरी दिला," असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्यापुढे काही बोलता येईना.

इंग्रजांनी बेट घेतलं ते डिसेंबर 1810 मध्ये. त्याआधी ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या खाडीत फ्रेंचांनी त्यांना सपाटून हरवलं होतं. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. डिसेंबरच्या तहात इंग्रजांनी इथल्या लोकांचे कायदे, धर्म आणि चालीरीती तशाच ठेवायचं मान्य केलं. म्हणून आजही संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये आणि बसमधल्या गप्पागोष्टी क्रेओलमध्ये. नवीन माणूस सहा महिने गोंधळतो, मग त्याच्याही एका वाक्यात तीन भाषा यायला लागतात.

1 फेब्रुवारी 1835 ला गुलामी रद्द झाली. 60 हजारांहून जास्त माणसं मुक्त झाली, म्हणजे कागदोपत्री. पुढची काही वर्षं त्यांना त्याच मालकाकडे 'शिकाऊ' म्हणून राबावं लागलं. भरपाई मिळाली ती मालकांना, 20 लाख पौंडांहून जास्त. राबणाऱ्यांना एक पैसा नाही, जमीन नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात अजून जड होतो.

मळेवाल्यांना ऊस लावायला हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. हा प्रयोग जमला तर साऱ्या साम्राज्यात राबवायचा होता, आणि तो जमला. 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या वर भारतीय या एका बंदरात उतरले. बिहारकडचे सर्वांत जास्त, त्याखालोखाल तमिळ-तेलुगू मुलखातले, आणि थोडे मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकण-देशावरचे.

ती जागा म्हणजे आजचा आप्रवासी घाट. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा भव्य काहीतरी असेल असं वाटलं होतं. आहेत दगडाच्या 16 पायऱ्या. पाणी आता मागे हटलंय, शेजारून मोटारींचा रस्ता जातो. बोटीतून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून वर येई, दोन दिवस डेपोत राही, क्रमांक घेई आणि मळ्यावर जाई. मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झाल्यात. मी चप्पल काढूनच चढले, कोणी सांगितलं नव्हतं.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि तांदूळ-डाळीचा शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. मळ्याबाहेर पास नसताना दिसला तर भटक्या म्हणून कैद. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने या लोकांसाठी अर्ज तयार केला, त्याखाली 9,401 मजुरांनी आपली नावं दिली. प्लेव्हित्झला त्यासाठी भर रस्त्यात मार खावा लागला, पण लंडनहून शाही आयोग आला आणि कायदे थोडे सैल झाले. आजींचे पणजोबा त्या 9,401 जणांत असतील का, हे आजींनी मला दोनदा विचारलंय.

इथली आडनावंही डेपोतल्या कारकुनाच्या टेबलावर जन्माला आली. पणजोबांचं पहिलं नाव तेच पुढच्या पिढीचं आडनाव. म्हणून इथे मराठी घरांत आडनाव रामजी असतं, बाबाजी असतं, आणि स्पेलिंग त्या कारकुनाचं. मूळ आडनाव धक्क्यावरच राहिलं.

गांधीजी 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना इथे थांबले, मुलांना शिकवा आणि राजकारणात या असं सांगून गेले. 1907 मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील आले आणि मजुरांचे खटले लढू लागले. 1936 मध्ये मजूर पक्ष निघाला. 1943 च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू हारेल मळ्यावर संपकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात अंजले कूपेन ही गरोदर मजूर बाई मारली गेली. आज एका मोठ्या स्टेडियमला तिचं नाव आहे.

पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते 1948. नव्या घटनेने ठरवलं की बेटावरच्या कुठल्याही भाषेत ज्याला साधं लिहितावाचता येतं, त्याला मत. समाजसुधारक बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. संध्याकाळी ऊसतोडीहून आलेली माणसं बैठकेत कंदिलाभोवती बसून आपलं नाव गिरवू लागली. इथे गावातल्या त्या छोट्या सभाघराला 'बैठका'च म्हणतात. आजी तेव्हा सात-आठ वर्षांच्या, वडिलांच्या मांडीला टेकून बसायच्या. वडिलांची बोटं कोयत्याने राठ झालेली, पाटीवरची पेन्सिल सारखी मोडायची. 'र'ची गाठ त्यांना जमेना, तेव्हा आजींनी हात धरून गिरवून घेतली. त्या वर्षी मतदार बारा हजारांच्या आसपासवरून सत्तर हजारांवर गेले. क्रमांक घेऊन आलेल्या माणसाचा नातू सही करून मत देऊन आला.

पुढचं मी भराभर सांगते. 1967 च्या निवडणुकीत 44 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला मतं दिली. हिंदूंचं राज्य येईल ही भीती होती. 12 मार्च 1968 ला, दांडीयात्रेची तारीख निवडून, पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर चार पट्ट्यांचा झेंडा चढला. शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. 1992 मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक आलं. नुसत्या साखरेवर जगणारा देश कापडाच्या कारखान्यांवर, पर्यटनावर आणि बँकांवर उभा राहिला. या सगळ्याची किंमत चागोस बेटांच्या लोकांनी मोजली. 1965 मध्ये ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून तिथल्या दीड-दोन हजार माणसांना हाकललं. तीही बहुतेक गुलामांचीच लेकरं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती बेटं अशी तोडणं बेकायदा होतं असा अभिप्राय दिला. हाकललेल्यांतले कितीतरी तोवर पोर्ट लुईच्या वस्त्यांत मरून गेले होते.

आपल्याकडून पाहुणे आले की आप्रवासी घाट बघतात, गंगा तलाव बघतात, गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते ऐकून हरखतात. हरखावं, मीही हरखले. पण बंदराजवळच जुन्या लष्करी इस्पितळात आता गुलामगिरीचं संग्रहालय झालंय, तिथेही मी त्यांना नेते. घाटावर आपली माणसं सापडतात म्हणून तेवढंच बघून परत जायचं, हे मला पटत नाही.

रविवारी सर जेवायला आले होते. आजीही होत्या. मी तो कागद सरांपुढे ठेवला. गुलामांच्या वह्या वाचून त्यांची नजर तयार झालेली. त्यांनी गावाकडे बघितलंच नाही, आधी त्याच कारकुनाची बाकीची अक्षरं बघितली, जहाजाच्या नावातलं एक, बापाच्या नावातलं एक. मग पेन्सिलीने शेजारी एक अक्षर काढलं. "हा जे नाही. हा जी आहे. पुढे दोन ओ." मी ते मोठ्याने वाचलं आणि अंगावर काटा आला. गू-हा-गर.

"गुहागर, आजी!"

आजींनी ते पुटपुटून बघितलं, दोनदा, तीनदा, जीभ वळेपर्यंत. सरही त्यांच्याबरोबर म्हणत होते. मग आजींनी विचारलं, तिथे समुद्र आहे का? आहे, मी म्हटलं, गावाला लागूनच आहे, लांबलचक. "मग त्याला लाटांची भीती वाटली नसेल," आजी म्हणाल्या, आणि सरांच्या हातातली पेन्सिल घेऊन कागदाच्या मागे देवनागरीत नाव लिहायला बसल्या. 'ग' काढला, आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

"उकार पहिला की दुसरा?"

"पहिला, आजी."