चौदावी काठी

दुपारी तीनच्या सुमाराला वरच्या गच्चीतून 'फट्' असा आवाज आला की समजायचं, कॅप्टन काका गोल्फ खेळताहेत. साताऱ्यात, शाहूपुरीत, गच्चीवर. दुहेरी बांधलेली मच्छरदाणी आणि भोकंभोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू. फौजेत असताना कुठल्याशा छावणीत नाद लागला आणि पेन्शनीबरोबर तो घरी आला. खरं खेळायचं तर खंबाटकी ओलांडून पुण्याला, येरवड्याच्या कोर्सवर, तेही कुणा जुन्या साहेबांचा पाहुणा म्हणून. हे वर्षातून किती वेळा जमतं ते काकूंना विचारू नये. त्या वाढवूनच सांगतात.

परवा चहा घेऊन वर गेले तर काका चेंडू सोडून कागदावर आकडेमोड करत बसलेले. मुलगी परदेशातून येणार, येताना एक काठी आणणार. एकच, कारण पिशवीत तेरा आहेत आणि नियमानं चौदाच्या वर चालत नाहीत. अमेरिकेत हा नियम 1938 साली आला. त्याआधी काही बडे खेळाडू पंचवीस-पंचवीस काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादायचे म्हणे. मला त्या कॅडीच्या खांद्याची काळजी, काकांना चौदाव्या जागेची.

"बोल, फाइव्ह वूड की हायब्रिड?"

वूड म्हणजे लांब पल्ल्याची काठी, हायब्रिड म्हणजे वूड आणि लोखंडी काठी यांचा संकर, दोघींची कामं एकीत. दोन्हींच्या तोंडाचा तिरकसपणा जवळपास सारखाच, अठरा-वीस अंशांचा. फरक बाकीचा. वूडचा दांडा दीड-दोन इंच लांब, डोकं मोठं. चेंडू गवतावर नीट बसला असेल तर उंच जातो, थोडा लांबही, आणि अलगद उतरतो. हायब्रिडचं डोकं आटोपशीर, दांडा आखूड. रफमधल्या दाट गवतात चेंडू रुतला की वूड गवताला अडतं, हायब्रिड त्यातून वाट काढतं. वूडनं चेंडू झाडून न्यायचा, हायब्रिडनं जरा वरून खाली मारायचा. काका हे सगळं चहाच्या चमच्यानं करून दाखवत होते.

मी वूडच्या बाजूनं. पूर्वी त्याचं डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असायचं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या भाऊबंदाचं. आता ते धातूचं झालं तरी मला टेंभुर्णीच दिसते. शिवाय 1935 साली अमेरिकेत, ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत, जीन सॅराझेन या खेळाडूनं पंधराव्या होलवर फोर वूडनं मारलेला चेंडू दोनशे पस्तीस यार्डांवरून थेट भोकात गेला होता. क्रेग वूड नावाच्या गड्याची तीन फटक्यांची आघाडी तिथंच संपली, आणि दुसऱ्या दिवशी तो हरलाही. (वूडनं वूडला मारलं, हे मी म्हटलं. काका हसले नाहीत.)

"आणि 2009?" काका म्हणाले. त्यांच्याकडे कोरियाचा यांग होता. पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलवर त्यानं हायब्रिडनं चेंडू झाडावरून थेट ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, नेला आणि टायगर वूड्सला हरवलं. इथंही वूड हरलाच, पण हे मी मनात ठेवलं.

खरं म्हणजे मला दोन कामं करणाऱ्या वस्तूंचा मुळातच राग. कात्री असलेला चाकू, घड्याळ असलेलं पेन, आणि सगळ्यात जास्त सोफा-कम-बेड. यादोगोपाळ पेठेत आमची दोन खोल्यांची जागा होती, तिथं तो होता. हिरव्या रेक्झिनचा. बसलं तर मधली फट टोचायची, आणि उघडताना असा किंचाळायचा की शेजारच्यांना आमची झोपायची वेळ कळायची. पाहुणे आले की, "यावर झोपा हं, छान आहे," असं बाबा म्हणायचे आणि पाहुणे सकाळी पाठ चोळत पोहे खायचे. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी खाट ती खाट, खुर्ची ती खुर्ची.

काका बोलत होते आणि मला मधेच वेगळंच आठवलं. पाहुणे काही रोज येत नसत. मग इतर रात्री त्यावर कोण झोपायचं? आई. आम्ही उठायच्या आत ती चादर घडी करून तो मिटवून ठेवायची. बाबांना पलंग होता, आम्हा भावंडांना गाद्या होत्या. तिची अशी झोपायची जागा त्या घरात दिवसा कधी दिसलीच नाही. तिची पाठ दुखते, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ते वयावर ढकललं. तेव्हा ती जेमतेम चाळिशीत असेल.

"काय गं, कुठं हरवलीस?"

"काही नाही. हायब्रिड घ्या तुम्ही."

"अगं, आत्ता तर वूड वूड करत होतीस!"

"घ्या हो. गवतातून तरी निघेल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद माझ्याकडे संशयानं वळवला. "मग आता वूडच मागवतो," ते म्हणाले. "तुला गोल्फमधलं काय कळतंय?"