तीन फळ्यांची परीक्षा
जेवणाच्या टेबलाला कोणते पॉलिश द्यावे, या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाइकाला नुसते तोंडी देण्याऐवजी आज आम्ही ते सागवानी विनियरच्या (वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) तीन फळ्यांकडूनच मिळवले. एकीवर चपडी लाखेचे, दुसरीवर मेलामाइन या कृत्रिम राळेचे आणि तिसरीवर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, पॉलिश होते. वरवर सुकलेला थर आतून पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो, म्हणून तिन्ही फळ्या तीन आठवडे बाजूला ठेवल्या होत्या.

उकळत्या चहाचा स्टीलचा पेला दहा मिनिटांनी उचलला, तेव्हा लाखेच्या फळीवर पांढरट कडे स्पष्ट उमटले होते. सॅनिटायझरचा थेंब पुसताना तर तिथला थर बोटाला चिकटला, कारण लाख स्पिरिटमध्येच, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवून लावतात आणि सॅनिटायझरमधले अल्कोहोल लागले की ती पुन्हा सुटते. तरीही सागाचे रेषे लाखेखाली जितके जिवंत दिसतात तितके दुसऱ्या कशाखालीही दिसत नाहीत, असे मला मनापासून वाटते.

मग थराची लाकडावरची पकड पाहायला ब्लेडने आडव्या-उभ्या सहा-सहा चिरा पाडून, तयार झालेल्या २५ चौकोनांवर चिकटपट्टी दाबून ओढली. मेलामाइनच्या दोन चौकोनांच्या कडा निघाल्या, पीयूचा एकही चौकोन हलला नाही. हळदीचा डाग मात्र पीयूवरही राहिला. हळदीचा रंग उन्हाने उडतो म्हणून ती फळी अंगणात ठेवली. संध्याकाळी ठसा बराच फिकट झाला होता. टेबलाला पीयू आणि देवघराला लाख, असे गिऱ्हाइकाला कळवले आहे.