वीस तासांचा दिवस

एसटी स्टँडजवळच्या लॉजमध्ये काउंटरच्या मागे हमखास पाटी असते: ‘चेकआउट २४ तास’. संध्याकाळी सातला किल्ली घेतली तर उद्या सातपर्यंत खोली तुमची. सांगलीकराला हा हिशेब रास्त वाटतो, कारण त्यात मापात पाप नाही. फुटबॉलचा वर्ल्डकप बघायला गेल्यावर ज्या पंचतारांकित हॉटेलात उतरायचं, त्याचा दिवस मात्र वीस तासांचाच. दुपारी ३ ला आत, सकाळी ११ ला बाहेर, आणि भाडं अख्ख्या दिवसाचं.

मधले चार तास हाउसकीपिंगचे. एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला दिवसाला साधारण १३-१४ खोल्या येतात. चादरी, टॉवेल, बाथरूम धरून खोलीमागे अर्धा तास सहज जातो. एरवी पाहुणे मागेपुढे निघतात, त्यामुळे जमून जातं. फुटबॉलच्या वर्ल्डकपात मॅचच्या दुसऱ्या सकाळी निम्मं हॉटेल एकदम बाहेर पडतं आणि पुढच्या मॅचवाले एकदम दारात उभे राहतात. तीन वाजले तरी खोली तयार नसते ती या रेट्यामुळे. रिसेप्शनवरच्या पोराशी हुज्जत घालून वरच्या मजल्यावरची चादर लवकर बदलत नाही. एरवी गोड बोललं की मिळणारं ‘लेट चेकआउट’ही या दिवसांत विसरायचं.

२०२६ च्या फायनलचंच घ्या. १९ जुलै, न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम, तिथले दुपारचे तीन. सांगलीत तेव्हा २० तारीख लागून रात्रीचे साडेबारा. म्हणजे चेक-इन आणि किकऑफ एकाच ठोक्याला. त्याच सकाळी विमानातून उतरणाऱ्याला पारोसंच मैदान गाठावं लागणार. ज्याला हे नको, त्यानं आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी. नाहीतर बॅगा हॉटेलच्या बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवून टॅगचा तुकडा पाकिटात जपावा, कारण मेटलाइफच्या नियमात १२ बाय ६ बाय १२ इंचांची पारदर्शक पिशवी बसते, सूटकेस नाही.

भाडं रोज बदलतं याचा शहरातल्या माणसाला धक्का बसतो. हळदीचे सौदे पाहिलेल्या गावाला तो बसू नये. आवक आणि उठाव, दुसरं काही नाही. फक्त इथली आवक डोळ्यांना दिसत नाही. संघ, पंच, पदाधिकारी, प्रायोजक, वार्ताहर यांच्यासाठी आयोजक कित्येक महिने आधी खोल्या अडवून ठेवतात. बाहेरून हॉटेल भरलेलं दिसतं आणि भाव चढतो. स्पर्धा जवळ आली की नको असलेल्या खोल्या परत बाजारात येतात, मग तोच भाव खाली बसतो. पहिल्याच दिवशी घाबरून ‘नॉन-रिफंडेबल’, म्हणजे रद्द केली तर पैसे परत न मिळणारी, खोली घेणं म्हणजे पोत्यात हात न घालता हळद उचलणं.

रिफंडेबल महाग पडतं, पण बाद फेरीला तेच घ्यावं. ब्राझील उपांत्यपूर्व फेरीत कुठल्या गावी खेळेल, मुळात खेळेल का, हे त्याच्या आधीची बाद फेरी संपेपर्यंत कळत नाही. ब्राझील हरला की पिवळ्या जर्सीवाले त्याच रात्री बुकिंग रद्द करतात आणि दुसऱ्या सकाळी त्या गावात खोल्याच खोल्या. रद्द करायची मुदत मोजली जाते ती हॉटेलच्या घड्याळानं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, लॉस एंजेलिस साडेबारा. हा फरक आपल्या पथ्यावर पडतो: सांगलीत ‘गेली मुदत’ म्हणून कपाळावर हात मारावा, तेव्हा तिथं अजून सकाळ असते.

हॉटेल निवडताना तिकिटावरच्या शहराच्या नावावर जाऊ नये. ‘बोस्टन’चे सामने फॉक्सबरोला, ‘सॅन फ्रान्सिस्को’चे सँटा क्लाराला. पहिलं अंतर सांगली-कोल्हापूरएवढं, दुसरं त्याहून बरंच जास्त. मॅच सांगलीत म्हणून जाहीर करायची आणि खेळवायची कोल्हापुरात, असा हा प्रकार. (कोल्हापूरकर म्हणतील, फुटबॉल आहे म्हटल्यावर बरोबरच आहे.)

संघ ज्या हॉटेलात उतरलाय तिथंच राहायची हौस तर करूच नये. त्यांचे मजले बंद, लिफ्टला पहारा, आणि मॅचच्या आदल्या रात्री संघाची झोपमोड करायला विरोधी समर्थकांनी हॉटेलाबाहेर फटाके उडवल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. खेळाडूबरोबर तुम्हीही जागे. फरक इतकाच की त्याचं भाडं दुसरं कुणीतरी भरलेलं असतं.

काउंटरवर पुन्हा कार्ड मागतात ते ‘होल्ड’साठी. मिनीबार, फोन, खोलीतलं जेवण यांची आगाऊ तरतूद म्हणून रात्रीमागे काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड दिलं तर फक्त मर्यादा कमी होते. फॉरेक्स (आधीच डॉलर भरून नेलेलं) किंवा डेबिट कार्ड दिलं तर आपलेच पैसे गोठतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. तोवर आपण परत येऊन घरच्या, विटा-तासगावच्या वाटेलाही लागलेलो असतो. मशीनवर ‘रुपये की डॉलर’ असं विचारलं तर डॉलर दाबावं, रुपयांतला दर नेहमी त्यांच्या सोयीचा असतो. न्यूयॉर्कमध्ये भाड्यावर १४.७५ टक्के कर आणि वर रात्रीला साडेतीन डॉलर, हे आधीच धरून चालावं. काही मिनीबारना खाली सेन्सर असतो. आपली पाण्याची बाटली ठेवायला त्यांची बाटली सरकवली, तरी ती बिलात येऊ शकते.

एवढं करून १०४ सामन्यांपैकी तिकीट असतं एक-दोन सामन्यांचं. बाकीचे खोलीतल्या टीव्हीवरच बघायचे, आणि त्याला चहा हवा. अमेरिकन खोलीत किटली बहुधा नसते, कॉफी मेकर असतो. त्यातून नुसतं पाणी काढलं तरी चहाला कॉफीचा वास येतो. म्हणून जाणता माणूस घरची किटली आणि प्लग बदलायचा अडॅप्टर नेतो आणि तिथंच फसतो. अडॅप्टर पिना बदलतो, व्होल्ट नाही. फोनचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण २३० व्होल्टची १५०० वॅटची किटली तिथल्या १२० व्होल्टवर जेमतेम ४०० वॅट ओढते. घरी चार मिनिटांत उकळणारं पाणी तिथं पंधरा मिनिटं घेतं. हाफ-टाइमही बरोबर पंधराच मिनिटांचा. शिट्टी वाजल्याबरोबर ठेवलेलं आधण दुसऱ्या हाफचा चेंडू सुटतो तेव्हा कुठं सळसळायला लागतं.