कॉफीच्या खोक्यावरून सुरू झालेली सभा

ऑगस्ट लागला की आमच्या घरी स्वेटर बाहेर निघतात. टेक्ससच्या ऑगस्टात स्वेटर म्हटल्यावर ह्यूस्टनच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी हसतात. पण डेव्हिस डोंगरांत, समुद्रसपाटीपासून जवळपास सहा हजार फुटांवर, दुपारी पावसाची सर येऊन गेली की रात्रीच्या सभेला दात वाजतात. सभा म्हणजे ब्लॉइस कॅम्प मीटिंग. फोर्ट डेव्हिस गावाच्या नैर्ऋत्येला ओकच्या झाडांची एक राई आहे, स्किलमन ग्रोव्ह नावाची. पश्चिम टेक्ससमधली गुरं पाळणारी कुटुंबं तिथे दरवर्षी मुक्कामाला येतात. देवाचं वचन ऐकतात, एका पंगतीत जेवतात, पोराबाळांची चौकशी करतात आणि आपापल्या रँचवर परत जातात. 1890 पासून हे चालू आहे.

आम्ही त्यात शिरलो ते योगायोगानं. ह्यांची नोकरी मिडलंडला तेलाच्या कंपनीत, मी तिथल्याच इस्पितळात नर्स. माझ्याबरोबर काम करणारी एक जण रँचवाल्यांच्या घरातली. मी नगरची, पाळकाची नात, हे तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुला आमच्या कॅम्पात यायलाच पाहिजे." मला वाटलं, एखाद दिवस जाऊन येऊ. पण तिच्या आजीनं आमची गादी, उशी, ताटं सगळं धरूनच ठेवलं होतं. नाही म्हणायची सोयच नव्हती. मिडलंडहून पेकोस, बाल्मोरियाचं झऱ्याचं पाणी, मग डोंगरातला वळणाचा रस्ता. सपाट, तेलाच्या पंपांनी भरलेल्या मुलखातून निघालेली गाडी हिरव्या गवताच्या टेकड्यांत शिरली, तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, हे तर पावसाळ्यातल्या भंडारदऱ्यासारखं आहे." तेवढं हिरवं ते नव्हतं. पण मिडलंडमध्ये वाढणाऱ्या पोराला तेवढंही पुष्कळ होतं.

या सभेची जन्मकथा आजी दरवर्षी नव्या पाहुण्याला सांगायच्या, त्यामुळे ती मला पाठ आहे. विल्यम ब्लॉइस हे प्रेस्बिटेरियन पाळक 1888 साली फोर्ट डेव्हिसला आले. गावात छावणी होती, सैनिक होते, पण बाकी मंडळी कुठे? दहा-वीस मैलांवर एक घर, पुढचं घर आणखी तेवढ्याच अंतरावर. ब्लॉइससाहेब घोडा जोडायचे आणि घरोघर जायचे. कुठे बाप्तिस्मा, कुठे लग्न, कुठे माती. जॉन मीन्स यांच्या रँचवर ते उतरले असताना घरच्या बाईंनी, एक्सा मीन्स यांनी, सुचवलं की तुम्ही एकेकाच्या दारी किती फिरणार, सगळ्यांनाच एका ठिकाणी बोलवा ना. त्या शरद ऋतूत पन्नासएक माणसं गाड्या जुंपून, अंथरूण-पांघरूण आणि शिधा घेऊन त्या राईत जमली. व्यासपीठ कुठून आणणार? आर्बकल कंपनीच्या कॉफीचं लाकडी खोकं उपडं केलं, त्यावर पवित्र शास्त्र ठेवलं आणि ब्लॉइससाहेब उभे राहिले.

इथपर्यंत सांगून आजी थांबायच्या आणि म्हणायच्या, "बाईनं सुचवलं, हे लक्षात ठेव." आजोबा शेजारीच बसलेले असायचे. ते टोपी जरा पुढे ओढायचे, एवढंच.

आर्बकलच्या कॉफीची आणखी एक गंमत. त्या कंपनीच्या प्रत्येक पुड्यात पेपरमिंटची एक कांडी घातलेली असे. गुरांच्या तांड्याबरोबर जाणारा स्वयंपाकी संध्याकाळी विचारायचा, कांडी कुणाला पाहिजे? जो हात वर करी त्यानं कॉफी दळायची. पिस्तूल लावलेले दाढीवाले गडी त्या कांडीसाठी भांडत म्हणे. आमच्या कॅम्पात आजोबांनी ती रीत वेगळ्या रूपात ठेवली होती. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, आणि जे पोर न सांगता ताटं उचलेल त्याच्या तळहातावर एक. माझ्या थोरल्यानं घरी कधी पेला विसळला नसेल, पण तिथे तो टबापाशी बाह्या सरसावून उभा असायचा.

स्वयंपाक ही तिथली खरी शाळा. कुटुंबांचे मोठे कॅम्प असतात, प्रत्येकाची स्वयंपाकाची शेड. जो येईल तो जेवतो. पैसे घेत नाहीत, काही विकत नाहीत, आणि सभेत दानार्पणाची थैली फिरत नाही. खर्च कुटुंबं आपसांत वाटून घेतात. नगरच्या मंडळीत दर रविवारी थैली फिरताना बघत वाढलेल्या मला हे पहिल्या वर्षी चमत्कारिक वाटलं. मी पाकिटात नोट घालून आजींच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी पाकीट माझ्या पर्समध्ये परत कोंबलं आणि कांदे पुढे केले. "चिरायला बस."

पहाटे चारला शेडमध्ये चूल पेटते. बिडाची तीन पायांची जड भांडी, झाकणाला उभी कड, म्हणजे झाकणावरही निखारे रचता यावेत. खाली निखारे, वर निखारे, आत आंबवलेल्या पिठाची बिस्किटं. आपली खारी-नानकटाई नव्हे, बनपावासारखी मऊ, लोणी लावून गरम खायची. शेजारी पिंटो बीन्सचं हंडाभर कालवण रात्रभर शिजत असतं. लांब आकडा घेऊन आजोबा झाकण किंचित उचलत, वास घेत, परत ठेवत. घड्याळ बघितलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवणाच्या घंटेआधी सगळे रांगेत उभे राहतात, टोप्या उतरतात, आणि त्या टोप्या बाकावर उपड्या न ठेवता माथा खाली, कड वर अशा ठेवतात, म्हणजे कडेचा आकार बिघडत नाही. धाकट्यानं एकदा कुणाची तरी टोपी सरळ करून ठेवली. अख्ख्या बाकानं श्वास रोखला. मग मालक हसला आणि कड दाखवून पोराला समजावून सांगितलं.

सभा दिवसातून अनेकदा. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, असे चार ख्रिस्ती पंथांचे उपदेशक आळीपाळीनं बोलतात. आमच्या नगरात एवढे पंथ एका छपराखाली आणायचे म्हणजे आधी तीन बैठका आणि एक रुसवा ठरलेला. इथे भांडण नाही असं नाही, पण ते कॉफीच्या कपावर होतं, व्यासपीठावर नाही. गुराख्यांना रुचणारी वचनं कोणती, हेही मला तिथे कळलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" वाचलं की मागच्या बाकावरचे म्हातारे एकमेकांकडे बघून गालात हसत, कारण त्या मुलखात गाय पाळणारा आणि मेंढरं पाळणारा यांचं सूत कधी जुळलं नाही. पण पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की हजारो डोंगरांवरची गुरं माझी आहेत, तिथे सगळे गंभीर. दुष्काळात निम्मी गुरं विकावी लागलेला माणूस ते वचन ऐकताना कसा बसतो, ते बघावं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर खाली.

व्यवहाराचंही तसंच. "तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं" या वचनावर आजोबांचं भाष्य एकाच वाक्याचं होतं: बैल दाखवताना त्याची खोडही दाखवावी. बैलाची खोड लपवली तर पुढच्या ऑगस्टात ज्याला फसवला तोच पंगतीत समोर बसणार, हा भाग ते सांगत नसत. तो सगळ्यांना माहीत होता.

लग्नाबद्दल मात्र तिथे व्याख्यानांपेक्षा मला शेडमध्ये जास्त मिळालं. इफिसकरांस पत्रातलं "तुम्ही संतापलेले असताना सूर्य मावळू नये" हे वचन एका सकाळी वाचलं गेलं. दुपारी कांदे चिरताना मी आजींना विचारलं, साठ वर्षांच्या संसारात हे जमलं का? त्या म्हणाल्या, "इथे उन्हाळ्यात सूर्य पावणेनऊला मावळतो. भांडायला भरपूर उजेड असतो." मग सुरी खाली ठेवून खरं सांगितलं. एका वर्षी पाऊस पडला नाही, बँकेचं कर्ज अंगावर, आणि आजोबांनी त्यांना न विचारता त्यांच्या वडिलांनी दिलेली घोडी विकली. तीन आठवडे घरात बोलणं बंद. ऑगस्ट आला. कॅम्पला न जावं तर सगळ्या मुलखाला कळणार, म्हणून दोघं एका गाडीत तोंडं फिरवून आले. इथे पहाटे चुलीपाशी दोघांनाच काम. तो निखारे ओढणार, ती पीठ मळणार. न बोलता बिस्किटं होत नाहीत. "झाकण उचल" म्हणावं लागलं. "तेवढ्यावर सुरुवात झाली," आजी म्हणाल्या. त्या घोडीबद्दल आजोबांनी माफी मागितली का, हे मी विचारलं. "मागितली. तिसऱ्या दिवशी. बिस्किटं जळाली होती तेव्हा."

याच्या उलट अनुभवही आहे. मध्यंतरी आम्ही शहराजवळच्या एका काउबॉय चर्चमध्येही जात असू. हा प्रकार गेल्या काही दशकांत टेक्ससभर पसरला आहे: रोडिओच्या, म्हणजे घोडे-बैलांवरच्या कसरतींच्या, मैदानाशेजारी पत्र्याची शेड, दारात ठेवलेल्या जुन्या बुटात किंवा टोपीत दान टाकायचं, बाप्तिस्मा गुरांच्या पाण्याच्या टाकीत. बूट घाणेरडे म्हणून जे लोक चर्चची पायरी चढायला लाजत, त्यांच्यासाठी हे दार उघडलं, आणि ते चांगलंच झालं. पण तिथे एका पाहुण्या उपदेशकानं पत्नीनं अधीन असावं यावर पाऊण तास घेतला आणि त्याच अध्यायातलं "एकमेकांच्या अधीन असा" हे एकविसावं वचन गाळून टाकलं. मी घरी येताना गाडीत तेवढंच बोलत होते. हे गाडी चालवत होते, म्हणाले, "मी ऐकतोय." ऐकत होतेच. आमच्या लग्नात आवाज कुणाचा चढतो हे नगरच्या गल्लीला माहीत आहे. पुढच्या कॅम्पात मी हे आजींना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, त्या माणसानं कधी गुरं वळवली नसावीत. मागून नुसतं हाकून एक वासरूही फाटकातून जात नाही.

सिनेमांनी काउबॉय म्हणजे एकटा, गोरा, तोंडात काडी धरलेला असा ठसवला आहे. खऱ्या तांड्यांत मेक्सिकन वाकेरो, म्हणजे तिकडचे गुराखी, होते, गुलामगिरीतून सुटलेले काळे गडी होते. दोरी, खोगीर, गुरं वळवण्याची पद्धत, बरंचसं मेक्सिकन मंडळींकडून आलेलं. आणि एकटेपणाचं कौतुक त्यातल्या कुणाला नव्हतं. असतं तर वर्षातून एकदा एवढ्या लांबून गाड्या जुंपून कोण आलं असतं?

माझ्या गावाचं आणि अमेरिकेचं नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये नगरात आले, शाळा काढल्या, आणि पुढे त्याच मातीत रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं वाढली. एका संध्याकाळी झाडाखाली गाणी चालली होती, गिटार आणि हार्मोनिका. कुणीतरी मला म्हणालं, तुमच्याकडचं काहीतरी म्हणा. पेटी नाही, मृदंग नाही. मी टिळकांचं एक भजन सुरू केलं, ह्यांनी स्टीलच्या ताटावर ठेका धरला. दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत गिटारवाला सूर शोधत होता, तिसऱ्याला सापडला. एक म्हातारे रँचवाले नंतर येऊन म्हणाले, शब्द कळले नाहीत, पण हे चालत म्हणायचं गाणं आहे ना? वारीचा ठेका फोर्ट डेव्हिसच्या माणसानं पायांनी ओळखला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

ब्लॉइससाहेब 1917 साली वारले. ते गेल्यावर सभा बंद पडेल असं तेव्हा काहींना वाटलं असणार, पडली नाही. आमच्या कॅम्पचे आजोबा गेले, पाठोपाठ आजी. आता पहाटेची चूल माझी जुनी मैत्रीण पेटवते, बीन्सच्या हंड्यात चमचाभर नगरी काळा मसाला पडतो (आजींनी पहिल्यांदा चाखून "पुढच्या वर्षी थोडा कमी" म्हटलं होतं आणि दोनदा वाढून घेतलं होतं), आणि आम्ही मिडलंड सोडून ह्यूस्टनला आल्यामुळे आम्हाला जायला अख्खा दिवस लागतो. तरी बहुतेक वर्षी जातो.

यंदा थोरल्याची होणारी बायको येणार आहे. पुण्याची मुलगी, सॉफ्टवेअरमधली. तिनं फोनवर विचारलं, काय काय आणू, मांसाहार चालतो ना, बूट घ्यायला हवेत का. मी म्हटलं, स्वेटर आण, घडीची खुर्ची आण, बूट असतील तेच घाल. आणि पहाटे चारला उठायची तयारी ठेव; पीठ तुझ्याकडे, निखारे त्याच्याकडे.

ती म्हणाली, "मावशी, त्याला चारला उठवणार कोण?"