बारा छिद्रांची फळी: ताणा लावण्याचा माझा अनुभव

टेबलावरच्या छोट्या मागावर दोन उपरणी विणायची, एवढाच बेत होता. वीस इंच पन्हा, इंचाला २४ धागे, म्हणजे ताण्याचे, कापडाच्या लांबीत जाणारे उभे, ४८० धागे आणि प्रत्येक धागा पाच मीटरचा. सगळं मिळून २४०० मीटर सूत. दहा नंबरचं दोनपदरी सूत धरलं तर वजनात हे २८५ ग्रॅमच्या आसपास भरतं. ८४० वारांची एक लड आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर, असा हा हिशेब आहे. दहा नंबरचे दोन पदर एकत्र पिळले की पौंडाला ४२०० वार उरतात. सूत थोडं आहे. पण त्यातला प्रत्येक धागा आपल्या शेजाऱ्याच्या शेजारीच राहिला पाहिजे, तो मागे-पुढे झाला की फणीपर्यंत, म्हणजे मागावर धागे विंचरून धरणाऱ्या चौकटीपर्यंत, पोचेस्तोवर गुंता होतो. विणण्याचं कौतुक सगळे करतात. मला मात्र कापड ताण्यातच ठरतं असं आता मनापासून वाटतं, आणि ताणा सांभाळायला लागतात चार-पाच साधी लाकडी साधनं. ती मी इथे अमळनेरला, आमच्याच गल्लीजवळच्या सुताराकडून करून घेतली.

खानदेशात कापसाला तोटा नाही. हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जावं तर बाभळींच्या काट्यांनाही कापूस लटकलेला असतो. सूत मात्र किरकोळीत मिळत नाही. मी ते बऱ्हाणपूरहून मागवलं. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तेच होतं, आणि सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या पातळ, पारदर्शक कापडाबद्दल लिहून ठेवलं आहे. अजूनही तिथे यंत्रमाग आहेत, त्यामुळे सुताचे व्यापारीही आहेत.

साधनांपैकी मला सगळ्यात जास्त हवी होती ती छिद्रांची फळी. युरोपातल्या हातमागवाल्यांकडे ती पूर्वापार आहे. हातात मावेल अशी लाकडी फळी, तिला छिद्रांच्या दोन ओळी, प्रत्येक छिद्रातून एक धागा. एकेक धागा खुंट्यांवरून फिरवत बसण्याऐवजी सगळे धागे एका हातात घेऊन एकदम फिरवता येतात, आणि छिद्रांमुळे त्यांचा क्रम मोडत नाही.

हे मी आमच्या गल्लीतल्या एका साळी, म्हणजे विणकरांच्या, घरातल्या आजींना सांगितलं. त्यांच्या लहानपणी ताणा रस्त्यावर लागायचा. सकाळी लवकर गल्लीत बांबूच्या काड्या रोवायच्या आणि हातात सुताच्या फिरक्या घेऊन घरातली माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, प्रत्येक काडीला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळसा घालत. आजी म्हणाल्या, "सूत तुटनं ते जोडाई जास, गुताई गये ते रडाले येस." मी लगेच विचारलं, मग गुंतू नये म्हणून काय करायचात? त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पुढे केली आणि त्यांच्यात हवेतच धागे अडकवून दाखवले. एक अंगठ्याच्या वरून, तर्जनीच्या खालून. पुढचा बरोबर उलटा. इतक्या वर्षांनी बोटं जराही अडखळली नाहीत. ही फुली म्हणजे ताण्याचा प्राण आहे. दोन धाग्यांमध्ये ती पडली की पुढे कितीही ओढाताण झाली तरी कोणाच्या नंतर कोण हे कायम कळतं.

सुतार मिस्तरी म्हातारे आहेत. आता दारं-कपाटं करतात, पण हयात गेली तिफणी आणि बैलगाड्या करण्यात. मी कागदावर फळीचं चित्र काढून नेलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, विचारलं, "यातून काय जाईल?" मी म्हटलं, सूत. छिद्राच्या काठाला अडकता कामा नये, घासता कामा नये, आणि एका छिद्रातलं दुसऱ्यात मिसळता कामा नये. त्यावर ते म्हणाले, "हाई ते चाडानं काम शे, ताई." तिफणीवरच्या चाड्याला, म्हणजे पेरताना बी सोडायच्या वाडग्याला, तीन छिद्रं असतात, प्रत्येकाखाली नळी आणि नळीखाली फण. बी टाकणारीची मूठ सैल सुटली की दाणे तिन्ही फणांत सारखे पडले पाहिजेत. एका छिद्राची कड जरा खडबडीत राहिली की त्या तासात पीक विरळ उगवतं आणि सगळ्या शेताला ते पुढे चार महिने दिसतं. हे ज्याने आयुष्यभर केलं त्याला मी आणखी काय समजावणार? पुढचं सगळं बोलणं छिद्राच्या कडेबद्दलच झालं.

लाकडावर मात्र बराच वेळ गेला. मी सागवान धरून चालले होते. मिस्तरी म्हणाले, साग टिकेल, पण त्याच्या रेषा मोठ्या, छिद्र पाडताना कडेचं कुसळ उठतं. त्यांच्याकडे हेदीचा एक जुना तुकडा पडून होता. याला कोणी हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या दाण्याचं लाकूड. सातपुड्याच्या जंगलात ही झाडं आहेत आणि या लाकडाच्या केसांच्या फण्या, बॉबिन पूर्वीपासून होत आल्या आहेत. जे केसांना चालतं ते सुताला चालणारच. तुकडा अनेक वर्षांचा वाळलेला होता, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मग एकदम पाऊस येतो. ओलं लाकूड वापरलं तर उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात फुगतं, आणि दोन्ही वेळा वाकतं.

फळी सात इंच लांब, साडेतीन इंच रुंद, अर्धा इंच जाड ठरली, खाली धरायला मूठ. छिद्रं पाच मिलिमीटरची, सहा वर आणि सहा खाली. खालची ओळ अर्धा इंच सरकवलेली, म्हणजे वरून पाहिलं की एक वरचं, एक खालचं असा क्रम लागतो. बारा हा आकडा मी मुद्दाम निवडला. इंचाला २४ धागे म्हणजे अर्ध्या इंचाला बारा. पुढे मागावर चढवताना धागे पन्ह्याइतके पसरून धरणाऱ्या दातेरी पट्टीच्या अर्ध्या इंचाच्या प्रत्येक घरात बरोबर फळीतले बारा धागे बसतात, मोजायचं कामच राहत नाही. आपल्या कापडाला इंचाला वीस धागे लागणार असतील तर दहा छिद्रांची फळी करून घ्यावी.

छिद्रं पाडून झाल्यावर खरी मेहनत सुरू झाली. आधी दोन्ही बाजूंनी कडा गोल केल्या. मग पॉलिशपेपरची बारीक पट्टी वळून प्रत्येक छिद्रातून मागेपुढे ओढायची. शेवटी मिस्तरींनी सुताची जाड दोरी घेतली, तिला लाकडाची बारीक भुकटी चोळली आणि ती ओढत राहिले, आतून आरशासारखं होईपर्यंत. तपासणी आम्ही कापसाने केली. सरकी काढलेला कापूस हलक्या हाताने कडेवरून फिरवायचा. बोटाला न लागणारं कुसळही कापसाची तार धरून ठेवतं. जिथे पांढरं काही अडकलं तिथे पुन्हा पॉलिशपेपर.

तेल जवसाचं लावलं. घरात शेंगदाण्याचं तेल असतं म्हणून ते लावायचा मोह होतो, पण ते हवेत सुकत नाही, चिकट राहतं आणि पांढऱ्या सुताला डाग पाडतं. जवसाचं तेल सुकून घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसायचं, आणि पूर्ण वाळेपर्यंत सुताजवळ न्यायचं नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते: हे तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा.

बाकीची साधनं लवकर झाली. फुलीत घालायच्या दोन चपट्या पट्ट्या सागाच्या, दोन्ही टोकांना दोरी ओवायला छिद्रं. दातेरी पट्टी दोन फुटांची, तिच्यावर दर अर्ध्या इंचाला बांबूची काडी ठोकलेली आणि वरून बसणारी झाकणपट्टी, कारण झाकण नसेल तर ताण कमी-जास्त होताच धागे उडी मारून शेजारच्या घरात जातात. बारा कांड्यांची घोडी, म्हणजे सुताच्या कांड्या सळईवर लावायची चौकट, मी यंत्रमागाच्या जुन्या लाकडी कांड्या जमवून केली. लडी फाळक्यावर, म्हणजे लड उलगडायच्या फिरत्या चौकटीवर, घालून सूत कांड्यांवर भरलं. कांडी सळईवर गोल फिरत सुटली पाहिजे. टोकावरून सूत ओढलं तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ कमी किंवा जास्त होतो, आणि पीळ वाढलेलं सूत सैल पडलं की स्वतःभोवतीच गुरफटतं.

खुंट्यांच्या चौकटीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. मीटरभर रुंद चौकट, दोन्ही बाजूंना बाभळीच्या खुंट्या, सूत त्यांच्यावरून पाच वेळा आडवं जातं. ४८० धाग्यांचा ताण एकत्र होऊ लागला की खुंट्या आतल्या बाजूला झुकतात. झुकल्या की शेवटचे धागे पहिल्या धाग्यांपेक्षा आखूड होतात. चौकटीवर हे डोळ्यांना दिसत नाही. मागावर चढवल्यावर एका बाजूचे धागे लोंबतात, दुसऱ्या बाजूचे तुटतात, आणि तेव्हा काही करता येत नाही. मिस्तरींनी खुंट्या आरपार छिद्रात बसवल्या, किंचित बाहेर कललेल्या ठेवल्या आणि चौकटीला मागून तिरपा आधार दिला. चौकट विकत घेणार असाल तर सगळ्यात आधी तिच्या समोरासमोरच्या दोन खुंट्या दोन्ही हातांनी जोरात जवळ ओढून पाहा.

ताणा लावला तो पहाटे. इथल्या कोरड्या उन्हात सूत ठिसूळ होतं, तंतू उडतात, एकमेकांना चिकटतात. कापसाचा धागा ओलाव्याने बळकट होतो, सूतगिरण्यांतही हवेत ओल राखतात ती त्यासाठीच. मी आदल्या रात्री खोलीत पाणी शिंपडून ओलं गोणपाट पसरून ठेवलं होतं.

बारा धाग्यांची एकत्र गाठ पहिल्या खुंटीला अडकवायची, फळी डाव्या हातात, आणि निघायचं. फळी सुताला आडवी धरली की बाराच्या बारा धागे वेगळे दिसतात. फुलीच्या खुंट्यांशी आलं की उजव्या हाताने आजींनी दाखवलं तसं: वरच्या ओळीतला पहिला अंगठ्यावरून, खालच्या ओळीतला पहिला तर्जनीवरून, मग वरचा दुसरा, खालचा दुसरा. बारा उचलून झाले की बोटांतली फुली तशीच दोन खुंट्यांवर उतरवायची. सुरुवातीला मान अवघडते. थोड्या वेळाने बोटं पुढचा धागा आपणच शोधू लागतात आणि मन शांत होतं. त्या पहाटेइतकं एकाग्र काम मी फार वर्षांत केलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला एकेका धाग्याची फुली लागत नाही, बारा-बाराच्या जुडग्यांची पुरते. तीच पुढे दातेरी पट्टीत घरं भरायला उपयोगी पडते. एका वेळेला बारा, म्हणजे जाऊन-येऊन वीस फेऱ्यांत ४८० धागे होतात.

उतरवण्याआधी फुलीच्या चारही बाजू लाल दोऱ्याने बांधल्या. मग ताण्याची साखळी घालत तो खाली उतरवला. मागावर चढवायला सासूबाई समोर बसल्या, ताण धरून. मागच्या रुळावर प्रत्येक थराखाली जुन्या कॅलेंडरचे जाड कागद घातले, नाहीतर वरचे धागे खालच्या थरात रुततात. सासूबाईंचा हात पक्का आहे. कुरडयांचा चीक घाटणारा हात तो, शेवटपर्यंत ढिला पडला नाही. वही भरणी आणि फणी भरणी, म्हणजे एकेक धागा वहीच्या (धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या) डोळ्यातून आणि मग फणीतून ओवणं, मी एकटीने केली. फुलीतून धागा उचलायचा, वहीतून ओवायचा, पुढचा उचलायचा. फणी २४ नंबरची, म्हणजे दोन इंचांत २४ घरं, घरात दोन धागे. कुठला धागा आधी हा प्रश्न एकदाही पडला नाही. पहिले चार बोटं कापड विणून झाल्यावर ताण तपासला, काठ दोन्हीकडे सरळ होते.

आता मिस्तरींनी दुसरी फळी करून दिली आहे, एक छिद्र आणि एक लांब खाच अशी. फळी वर उचलली की छिद्रांतले धागे वर, खाली दाबली की खाली. त्यामुळे दोन्ही वेळा आपोआप वाट पडते आणि एकेक धागा बोटाने उचलावा लागत नाही. खाच लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच कापावी लागते, आडवी कापली तर मधल्या बारीक पट्ट्या कट्कन मोडतात. वेग हिचा जास्त आहे. पण पहिली फळी मी बाजूला ठेवलेली नाही. गुळगुळीत दोनपदरी सुताला दुसरी बरी, आणि हातसुतासारख्या जाड-बारीक, केसाळ सुताला छिद्रांचीच बरी, कारण असं सूत खाचेत नीट सरकत नाही.

पुढचं उपरणं पट्ट्यांचं करायचं आहे. रंगीत कांड्या ज्या क्रमाने घोडीवर लावू त्याच क्रमाने पट्टे येतात, फक्त पट्ट्यांचा संच बारात बसला पाहिजे. चार, सहा, बारा धाग्यांचे संच बसतात. मला हवा आहे तो आठचा. त्यासाठी आठ छिद्रांची छोटी फळी सांगून ठेवली आहे, मिस्तरींच्या हातातली कपाटं झाली की ते ती घेणार आहेत.