तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांची सोळा पत्रं

बाबांच्या पत्रांचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ७१च्या लढाईतली पत्रं घरात आहेत, मग छापत का नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

बाबा तोफखान्यात. देवळालीला शिकले, पंचवटीत बिऱ्हाड केलं आणि लग्नाला वर्ष होतंय तोच पश्चिम सीमेवर गेले. नेमके कुठे, ते आईला ठाऊक नव्हतं. पत्त्यात गावाचं नावच नसायचं. नंबर, हुद्दा, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालघर. पत्रं तपासली जायची. दोन पत्रांत अख्खी ओळ काळ्या शाईने गिरवलेली आहे. आई अजून ती उजेडात धरून बघते.

पण तपासणारा साहेब परका, त्याची भीड नव्हती. भीड होती गुरुजींची. आई दुसरी पास. आलेलं पत्र वाड्यातले गुरुजी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि भोवती वाडा जमायचा. बाबांना हे माहीत. म्हणून पहिली सोळा पत्रं त्यांनी वाड्यालाच लिहिलीत: 'सौ. हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. मनिऑर्डर पोचली का? दूधवाल्याचे पैसे चुकते करणे.' ३ डिसेंबरला लढाई पेटली, १७ला थांबली. त्या चौदा दिवसांतलं पत्र एकच, त्यातही हेच. मधेच एक वाक्य निसटलंय: 'थंडी फार आहे, तू विणलेला स्वेटर अंगावरून काढत नाही.' गुरुजींनी ते वाचलं, बायका हसल्या आणि आई उठून आत गेली.

त्या रात्रीच ती गुरुजींच्या बायकोपुढे पाटी घेऊन बसली. ब्लॅकआउट चालू, खिडक्यांना काळे कागद, कंदिलाची वात अगदी बारीक.

लढाई थांबली तरी फौजा सीमेवरच होत्या. सिमला करार जुलै १९७२चा, सैन्य मागे यायला डिसेंबर उजाडला. आईला तेवढा अवधी मिळाला. फेब्रुवारीत तिने स्वतःच्या हाताने पहिलं पत्र लिहिलं. नेहमीच्या तिकिटाशेजारी पूर्व बंगालमधून आलेल्या शरणार्थींच्या सहाय्याचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, तेही आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापलेलं. ते पत्र आज नाही. तिची सगळीच पत्रं तिकडे राहिली. बाबांचं उत्तर मात्र आहे, आणि त्यातल्या एवढ्याच ओळी तिने मला वाचून दाखवल्यात: 'अक्षर मोठं आहे, ओळीत चारच शब्द मावलेत. गुरुजींना सांग, आता तुम्हाला त्रास नको.'

गेल्या दिवाळीत आईला विचारलं, छापू का? तिने पेटी उघडली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि सोळा पत्रं मोजून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही सगळ्या वाड्याने ऐकलीत. ही छाप."

उरलेल्या सत्तावीस पत्रांना तिने पुन्हा दोरा गुंडाळला.