घोड्याला विभूती

दिवाळीच्या किल्ल्यासाठी यंदा चोवीस मावळे रंगवले, आणि घोड्यावर बसलेले महाराज. सगळे २८ मिलिमीटरचे, रेझिनचे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेले. आमच्या अनगोळात पोरं चिखल, दगड, पोती जमवून किल्ला करतात, बुरुजावर मोहरी पेरतात. त्यावर बाजारातले प्लॅस्टरचे चकचकीत मावळे उभे असतात. मला तो चकचकाटच खुपतो. माणसाचं तोंड असं लखलखतं होय?

म्हणून शेवटचा हात मॅट वार्निशचा. आणि तिथंच घात झाला.

परतीचा पाऊस चालू होता. दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलेच. अशा हवेत मी माडीवर एअरब्रशला, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनाला, कंप्रेसर लावला. मॅट वार्निशमध्ये बारीक पूड असते. ती पृष्ठभाग खरखरीत करते, उजेड विखुरतो, म्हणून चमक मरते. पण पूड तळाला बसते, आणि मी बाटली नावाला हलवलेली. पहिला हात चमकलाच. मग दुसरा, तिसरा, वाळायची वाट न बघता. वार्निश घड्यांत साचलं, पूडही तिथंच साचली.

सकाळी आई चहा घेऊन वर आली.

"काय रे, घोड्याला विभूती लावलास काय?"

काळा घोडा राखेत लोळल्यासारखा झालेला. फिक्या अंगरख्यांवर एवढं दिसत नव्हतं. काळ्यावर लपत नाही.

पुसून निघत नाही, घासलं तर रंग जातो. उपाय उलटा आहे: वरून ग्लॉस, म्हणजे चमकणारं वार्निश, मारायचा. तो खरखरीतपणाच्या फटी भरतो आणि पांढरेपणा बहुतेक विरतो. दोन पातळ हात मारले, रात्रभर ठेवले. घोडा परत काळा झाला, पण ओल्या म्हशीसारखा चमकायला लागला.

मग उन्हाची दुपार गाठली. मॅटच्या बाटलीत स्टीलचे दोन छरे टाकून पाच मिनिटं हलवली. नळीवरच्या वॉटर ट्रॅपमधलं पाणी काढलं, तोंडाला मास्क बांधला. दाब २० पीएसआय, अंतर वीतभरापेक्षा थोडं कमी. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करायचा, अंगावरून सरकवायचा, पलीकडे बंद करायचा. अंगावर थांबलात की साचलंच. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटं दम. मधूनमधून एअरब्रशच्या सुईच्या टोकाला वाळलेला गोळा ओल्या ब्रशनं पुसायचा, नाहीतर तो थेंब थुंकतो.

शेवटी बारीक ब्रशनं तलवारींच्या पात्यांना आणि घोड्याच्या डोळ्याला तेवढा ग्लॉस दिला. डोळा असा जिवंत झाला की मीच दहा मिनिटं बघत बसलो.

संध्याकाळी धाकटीला दाखवलं. तिनं एकेक मावळा उचलून उजेडात धरला.

"बाबा, ह्यांना पॉलिश करायचं राहिलं की."